मांजराची नखं आणि परळचे उंदीर

मांजराला नखं कशासाठी असतात? चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मी मुलं "उंदीर पकडायला" म्हणायची आणि उरलेली "बोचकारायला". दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत. पण या दोन उत्तरांच्या मध्ये आपल्या मुंबईचा सव्वाशे वर्षांचा इतिहास बसला आहे. तो समजून घेतला तर घरातल्या पिल्लाला "बोचकारू नको" हे शिकवणं बरंच सोपं जातं, असं माझं मत झालं आहे. ते कसं झालं, ते आज लिहिते.

आमच्या घरी सध्या एक पिल्लू आहे. नाव चिंगी. माझ्या अकरा वर्षांच्या नातीला ते पावसात नाल्याच्या कडेला सापडलं, जेमतेम चार आठवड्यांचं. आई नाही, भावंडं नाहीत. गेल्या वर्षी नातीचे आजोबा गेले. त्यानंतर गप्प गप्प झालेली पोर या पिल्लामुळे पुन्हा बोलायला लागली, म्हणून घरात कुणी विरोध केला नाही. पण पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं झालं आणि त्याची नखं घरभर दिसायला लागली. नातीचे हात, माझ्या पोटऱ्या, सुनेची ओढणी. इथवर ठीक होतं. मग एके दिवशी समोरच्या बिऱ्हाडातला दोन वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला, त्यानं शेपटी धरली आणि चिंगीनं पंजा मारला. ओरखडा डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर.

मुलाला इंजेक्शन दिलं, जखम भरली. पण त्याची आई दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तुमच्यावर राग नाही माझा. पण जरा वर लागलं असतं तर? मांजर नको इथं." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून यायचा जुना उपाय सुचवला. नातीनं ते ऐकलं आणि रात्री जेवली नाही. शेवटी मी सगळ्यांकडून एक महिना मागून घेतला. शिकवणं हा माझा धंदाच होता, तेव्हा हेही करून पाहू म्हटलं. विद्यार्थ्याला शिकवण्याआधी त्याचं घराणं पाहावं, ही माझी जुनी सवय. म्हणून आधी वाचायला बसले.

आमच्या नायगावातून परळला चालत जाता येतं. तिथं हाफकिन संस्था आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती ज्या वास्तूत आहे ते एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरचं निवासस्थान होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा भाग, आणि धान्य तिथं उंदीर. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, आणि १९२५ मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं.

त्याच साथीत पुण्याला १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच लागण झाली. त्यांचं जन्मगाव साताऱ्यातलं नायगाव. आमच्या नायगावाशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही, पण शिक्षिकेच्या पेशातल्या बाईला हे नाव घेतल्याशिवाय प्लेगबद्दल पुढे लिहिता येत नाही.

असो. प्लेग उंदरांमुळे येतो असा संशय होता, पण उंदराकडून माणसाकडे तो जातो कसा, हे कुणाला कळत नव्हतं. ते कोडं सोडवण्यात एका मांजराचाही हात आहे, हे वाचून मला फार मौज वाटली. पॉल-लुई सिमाँ नावाचे फ्रेंच डॉक्टर १८९८ मध्ये कराचीत होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. जून महिन्यात त्यांनी प्लेग झालेला उंदीर मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला. त्याच्या अंगावर पुरेशा पिसवा असाव्यात म्हणून हॉटेलातल्या मांजराच्या अंगावरच्या पिसवा काढून बरणीत सोडल्या. मग एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून तो पिंजरा त्याच बरणीत टांगला. दोन उंदरांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं, पिसू मात्र जाळीतून जाऊ शकत होती. निरोगी उंदराला प्लेग झाला. कोडं सुटलं होतं, पण कित्येक वर्षं डॉक्टर मंडळींनी सिमाँवर विश्वास ठेवला नाही.

तो विश्वास बसला तो परळला. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगानं तिथं पुष्कळ प्रयोग केले. प्लेगनं माणसं दगावलेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा तपासल्या. काही पिंजरे जमिनीवर ठेवले आणि काही पिसवेच्या उडीच्या वर टांगले. वरचे प्राणी वाचले, खालचे दगावले. शहरात मेलेले हजारो उंदीर गोळा करून परळला आणले जात आणि तपासले जात. आमच्या शेजारच्या गल्लीत हे सगळं घडलं, आणि शाळेच्या पुस्तकात मात्र आम्ही लंडनचा प्लेग शिकलो!

आता मांजर. अमरावतीला अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे लष्करी हुद्द्याचे सिव्हिल सर्जन होते. १९०८ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून असं मांडलं, की ज्या गावांत घरोघरी मांजरं आहेत तिथं प्लेग कमी. म्हणून सरकारनं विषाच्या गोळ्या आणि सापळ्यांबरोबर लोकांना मांजरं पाळायला सांगावं. कल्पना साधी होती. उंदीर नाही तर त्याची पिसू नाही, पिसू नाही तर प्लेग नाही. एवढं खरं, की ती पुरती निर्धोक नव्हती. मांजरालाही प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात मांजराकडून माणसाला प्लेग झाल्याच्या नोंदी १९७७ पासून आहेत. पण ब्युकॅननसाहेबांच्या लेखातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या काळी मांजराकडे लोक बघत होते ते कामगार म्हणून. नखं हे त्याचं हत्यार, आणि हत्याराला धार असावी असंच सगळ्यांना वाटत होतं.

प्लेगनं मुंबईचं रूप बदललं. १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या फोडून रस्ते काढले गेले. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट खातं निघालं आणि त्यानं कामगारांसाठी २०७ सिमेंटच्या चाळी बांधल्या. वरळी, डिलाईल रोड, शिवडी आणि आमचं नायगाव. त्यातल्या ४२ नायगावात. तीन मजली, एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. माझं लहानपण अशाच एका चाळीत गेलं.

तिथली मांजरं मला चांगली आठवतात. ती कुणाची नव्हती आणि सगळ्यांची होती. १९६० च्या सुमारास रेशनचं धान्य डब्यात आणि पोत्यात असायचं, गटारं उघडी, माळ्यावर रात्रभर खुडबूड. मांजर आलं की आई म्हणायची, "येऊ दे, आपल्याच कामाला आलीय." बोंबलाची डोकी, मांदेलीचं पाणी, हा तिचा पगार. तिला मांडीवर घ्यायची पद्धत नव्हती. तिचा हात आपल्याला लागायचा प्रश्नच कमी, कारण आपला हात तिला लागत नव्हता. पिल्लं झाली की ती सात घरं फिरवून आणायची. त्या सात घरांत पिल्लं एकमेकांना चावत, लोळवत, ओरबाडत मोठी व्हायची. आम्हाला तो नुसता खेळ वाटायचा. ती खरी शाळा होती.

कारण पिल्लू नखं आवरायला शिकतं ते आईकडून आणि भावंडांकडून. जोरात नख लागलं की दुसरं पिल्लू ओरडतं, खेळ सोडून निघून जातं. आई एक पंजा ठेवून दाबते. खेळायचं असेल तर नखं आत, हा धडा तिथं मिळतो. आयलीन कार्श नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात पिल्लांवर अभ्यास करून दाखवलं, की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांनी मायेनं हाताळलेली पिल्लं पुढे माणसाळलेली राहतात. म्हणजे आमच्या चिंगीला माणसांचा धडा वेळेवर मिळाला होता, पण भावंडांचा वर्ग चुकला होता. ती माणसांना भीत नव्हती, उलट माणसालाच भावंड समजत होती, आणि आपल्या कातडीवर मांजरासारखे दाट केस नसतात!

आणखी एक गोष्ट मला नव्यानं कळली. मांजर स्वस्थ असतं तेव्हा नखं आपोआप आत असतात, एका स्नायुबंधानं मागे ओढलेली. बाहेर काढायला त्याला जोर लावावा लागतो. म्हणजे नखं आत हीच मूळ स्थिती. तेव्हा आपल्याला नवीन काही शिकवायचं नाही. खेळताना ते भान सुटू द्यायचं नाही, एवढंच.

बोचकारण्याची भीती मात्र खोटी नाही, आणि तिलाही इतिहास आहे. आमच्या लहानपणी कुत्रं चावलं किंवा मांजरानं ओरबाडलं की मोठी माणसं हळद दाबायची आणि "पोटात चौदा इंजेक्शनं" एवढंच कुजबुजायची. ती लस सेंपल यांनी कसौलीला १९११ मध्ये तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनणारी. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आताची लस दंडात घेतात, मोजकेच डोस असतात. दुसरा आजार मांजराच्या ओरखड्याचाच. १९५० मध्ये पॅरिसला रोबेर देब्रे यांनी त्याचं वर्णन केलं. ओरखड्यानंतर काखेत किंवा मानेला गाठ येते, ताप येतो, बहुतेकदा आपोआप बरं होतं. त्याचा जंतू हाती लागायला १९९० चं दशक उजाडलं. हा जंतू लहान पिल्लांच्या रक्तात जास्त आढळतो आणि एका मांजराकडून दुसऱ्याकडे पोचवते कोण? पिसू! पिसवेची घाण नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्याला लागते. परळच्या पिंजऱ्यातली पिसू अशी पुन्हा आमच्या बैठकीच्या खोलीत हजर झाली. म्हणून चिंगीच्या शिक्षणातला पहिला धडा तिला नव्हताच, आम्हाला होता. पिसवांचं औषध, वेळेवर लशी, आणि ओरखडा आला तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन सरळ डॉक्टरकडे.

त्यासाठी चिंगीला परळला नेलं, आमच्या भाषेत बैलघोडा हॉस्पिटलात. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं हे जनावरांचं रुग्णालय १८८० च्या दशकातलं, प्लेगच्याही आधीचं. ट्रॅमचे घोडे आणि गाड्यांचे बैल तिथं यायचे, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीनं बोट हलकं दाबून नख बाहेर कसं काढायचं आणि पुढचं पांढरं टोक तेवढं कसं कापायचं, ते दाखवलं. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, त्याला कात्री लावायची नाही.

न्यू जर्सीच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, की तिकडे नखं कायमची काढून टाकायचे. मी चौकशी केली. त्यात नुसतं नख काढत नाहीत, बोटाचं शेवटचं हाड कापतात. न्यू यॉर्क राज्यानं २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे १९६० च्या कायद्यानं प्राण्याचा अवयव असा तोडणं हा क्रूरपणाच ठरतो. तो विषय तिथंच संपला.

मग महिनाभर काय केलं? तुमच्यापैकी कुणाकडे पिल्लू असेल तर उपयोग होईल, म्हणून लिहिते.

हाताशी खेळणं पूर्ण बंद. बोटं नाचवायची नाहीत, पांघरुणाखाली पाय हलवायचे नाहीत. हात म्हणजे शिकार नव्हे, हे तिला कळलं पाहिजे. खेळायला नातीनं जुन्या पतंगाच्या काठीला दोरी आणि चिंधी बांधली. चिंगी चिंधीवर झेप घेते, आपला हात हातभर लांब राहतो.

नख लागलंच तर हात झटकन ओढायचा नाही. ओढला की नख जास्त रुततं, आणि पळणारी वस्तू पाहून मांजर आणखी चेवतं. हात सैल सोडायचा, नख सुटलं की काही न बोलता उठून जायचं. दोन-चार मिनिटं खेळ बंद. भावंडं हेच करतात. ओरडायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. शाळांमधला छडीचा काळ मी पाहिला आहे. २००९ च्या कायद्यानं ती बंद झाली. छडीनं मूल छडीला ओळखायला शिकतं, धडा बाजूलाच राहतो. मांजराचंही तेच. मारणारा हात एकदा शत्रू ठरला की नखं कायमची बाहेर.

ओरबाडायला तिची स्वतःची जागा हवी. लाकडाच्या ओंडक्याला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळला आणि ती झोपून उठते तिथंच उभा केला. जेवण देण्याआधी दहा मिनिटं खेळ. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणं, मग झोप, हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. तो पाळला तर संध्याकाळचा धुमाकूळ निम्मा होतो.

आणि शेवटचं, माणसाच्या पोराला शिकवणं. शेपटी धरायची नाही, पोटाला हात नाही. शेपूट फटके मारायला लागली, कान मागे गेले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या की खेळ संपला समजायचं. नातीनं हे सगळं चित्र काढून दारावर लावलं. समोरचा छोटा ते चित्र बघून "कान, कान" म्हणायला शिकला.

हे करताना मला सारखे माझे वडील आठवत होते. ते गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचं काम परत आलंच नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षं बोलता बोलता त्यांची बोटं टॉवेलच्या कडेचे सुटे धागे शोधायची आणि गाठ मारायची. तुटलेला धागा क्षणात जोडणारी ती बोटं होती. गिरणी गेली, बोटांना ते कुणी सांगितलंच नाही. आई कधी चिडायची नाही. शेजारी जुन्या कापडाचा तुकडा ठेवून द्यायची.

मांजराचंही काम शहरानं असंच काढून घेतलं. धान्य डब्यात बंद झालं, गटारं झाकली, प्लेग औषधांनी आटोक्यात आला. (पुरता गेला असं नाही. १९९४ मध्ये बीडच्या मामल्यात आणि सुरतेत त्यानं पुन्हा आठवण करून दिली.) आमच्या तिसऱ्या मजल्यावर उंदीर नाही, पण हत्यार आणि हात दोन्ही तिच्यापाशी शिल्लक आहेत. त्यांना दुसरं काहीतरी देणं आपल्याकडे लागतं. चिंधी, काथ्या, दहा मिनिटं.

महिना संपला. चिंगी आता खेळताना बहुतेक वेळा नखं आत ठेवते. सगळ्या वेळा नाही. समोरच्या सूनबाईंनी "राहू दे बाई, पण माझं पोर आलं की तिला आतल्या खोलीत ठेवा" असं सांगितलं, आणि आम्ही ते पाळतो. ती दार अजून लोटूनच घेते. तिला तसं करायचा हक्क आहे. आईच्या भीतीला मुदत घालता येत नाही. नात जेवते, बोलते, आणि परवा तिनं मला विचारलं, की सिमाँच्या त्या हॉटेलातल्या मांजराचं पुढे काय झालं? इतिहासात ते लिहिलेलं नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पिसवा तरी कमी झाल्या असतील ना, आजी."